विसरणाऱ्या पेशींच्या बाई

एक जुलै, सोमवार. ठरलेला पगार महिना एकवीस हजार. खोलीत हजर माणसं दोन, बाई आणि मी. पेशी वाढवण्याच्या खोलीत किती जण आहेत ते दारावरच्या पाटीवर खडूने लिहायचा नियम होता, म्हणून मी पहिल्याच दिवशी सुवाच्य अक्षरात दोनाचा आकडा काढला. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून पाटीकडे पाहिलं.

"काहून गा, पेटीतले मोजले नाही?"

पेटी म्हणजे इन्क्युबेटर, अंगाइतकी ऊब धरून ठेवणारं पोलादी कपाट. त्याच्या फळ्यांवर प्लॅस्टिकच्या चपट्या पारदर्शक बाटल्या आडव्या ठेवलेल्या असत, आणि त्यांत गुलाबी पाण्यात माणसांच्या मूत्राशयाच्या पेशी जगत.

"मॅडम, ते तर लाखांत असतील," मी म्हटलं.

"मंग लाखात लिही ना. दिसतो मोठा हिशेबी, अन् हिशेबात कच्चा."

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'हिशेबी' झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नाही.

त्याआधी मी नागपूरच्या महाल भागात एका तपासणी केंद्रात कामाला होतो. रक्त, लघवी, साखर. सकाळी नमुना, संध्याकाळी कागद. इथे वैद्यकीय संस्थेच्या मागच्या इमारतीत संध्याकाळ होतच नसे. खिडक्या बंद, काचांना काळा कागद, पेटीची एकसुरी घरघर. बाहेर नागपूरचा मे महिना डांबर वितळवत असला तरी आत बाई स्वेटर घालून बसलेल्या. कोसाच्या साडीला फायलीची काळी चिमटी लावलेली, कारण पिन टोचते. बोलताना समोरच्याकडे न पाहता डोळे मिटायची सवय. नवीन माणसाला वाटे, बाई झोपल्या. त्या झोपलेल्या नसत, पण पूर्ण जाग्याही नसत.

बाईंचा विषय मूत्राशय. त्या मात्र तो शब्द फक्त इंग्रजाळलेल्या पाहुण्यांसमोर वापरत. एरवी 'लघवीची पिशवी', किंवा नुसती 'पिशवी'. हा शब्द कुठे उच्चारावा आणि कुठे नाही, याचं त्यांना काही नव्हतं. प्रयोगशाळेत कोणीही आलं, संस्थेचे संचालक असोत की गॅस सिलिंडरवाला, की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी लघवीले जाऊन येता का? उजव्या हाताले आहे. थांबवून ठेवू नका, ती बिचारी काय करणार?"

एकदा त्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी जेवायला आल्या. माझी आई दारात ओवाळायच्या तयारीत. बाईंनी तिचे हात धरले आणि विचारलं, "आई, रात्री किती खेपा उठता?" आई लाजून चूर. सुनेसमोर, मुलासमोर हे काय! पण पानं वाढून होईपर्यंत दोघी आतल्या खोलीत जाऊन बसल्या होत्या आणि आई बोलतच होती. लग्नाच्या वऱ्हाडात बस थांबेना तेव्हाचं, शेतावर बांधाआड जागा मिळेना तेव्हाचं. मी तिचा मुलगा, पंचेचाळीस वर्षांचा, आणि यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. बाई गेल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या बाई येड्या आहेत, पण पुन्हा बोलवा."

महालातल्या साडीच्या दुकानातला किस्सा तर मी डोळ्यांनी पाहिला. भाचीचं लग्न होतं म्हणून त्यांनी मला पिशव्या धरायला नेलं होतं. गादीवर दहा-बारा बायका तासन्‌तास बसलेल्या. बाईंनी एक साडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि मालकाला विचारलं, "ह्या सगळ्या बाया इथी चार-चार घंटे बसतात. जातात कुठं?"

"जातात म्हणजे? सगळ्या इथंच घेतात मॅडम, बाजूच्या दुकानात कोण जाते?"

"लघवीले कुठं जातात म्हणून विचारून राहिली मी."

गादीवरची एक म्हातारी हसायला लागली, आणि तिच्यामागून सगळ्या. मालक म्हणाला, "मॅडम, पैठणी दाखवू का?" बाई उठल्या. "पैठणी ठेव बाजूला. आधी संडास बांध, मंग येते." साडी घेतली नाही ती नाहीच. भाचीला रोख दिले.

आता त्यांच्या कामाबद्दल. ते मला जसं त्यांनी समजावलं तसंच सांगतो, कारण त्याहून सोपं मला येत नाही. पेशीच्या अंगावर दारावरच्या घंटेसारख्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. शरीराकडून निरोप येतो, घंटा वाजते, पिशवी आवळते किंवा सैल पडते. ज्यांची घंटा उगाच सारखी वाजते, त्या माणसांना घराबाहेर पडणं नको होतं. अशा घंटा बनवायची कृती प्रत्येक पेशीत लिहिलेली असते, तिचं नाव जनुक. "पण कृती लिहिली म्हंजे सैपाक झाला का?" बाई विचारत. "चूल पेटली का, कितीक पेटली, ते पाह्यचं आहे आपल्याले." चूल किती पेटली ते पाहायचं तर पेशी फोडून आतला माल काढायचा आणि यंत्रात घालायचा. यंत्र आकडा देतं. फक्त तो आकडा उलटा असतो, जितका लहान तितकी चूल मोठी. माझ्यासारख्याला हे पचायला एक पावसाळा लागला. आणि मोजलेली पेशी उरत नाही, हेही.

शस्त्रक्रियेत काढलेल्या पिशवीचा तुकडा आणला की आकडा छान लहान येई. घंटाच घंटा. त्याच तुकड्यातल्या पेशी बाटलीत वाढवल्या की आकडा हळूहळू फुगत जाई, आणि एक दिवस यंत्र काहीच दाखवत नसे. चूल थंड.

"विसरतात," बाई म्हणत.

हा त्यांचा सिद्धान्त होता आणि तोच त्यांचा ध्यास. दुपारी जेवण झालं की त्या खोलीतले दिवे घालवायच्या, पेटीच्या दाराला पाठ लावून स्टुलावर बसायच्या आणि डोळे मिटायच्या. पेटीवरचा तापमानाचा हिरवा आकडा तेवढा अंधारात तरंगत असे. "हिशेबी, पिशवीचं जगणं काय असते? भरणं अन् रिकामं होणं. भरणं अन् रिकामं होणं. दिवसभर, जन्मभर. अन् इथी बाटलीत? ना भरणं, ना रिकामं होणं. नुसतं पडून राहा गुलाबी पाण्यात. मंग आपण कोण होतो हे आठवीन कसं?" त्यांचा आवाज त्या घरघरीत मिसळून जाई. मला आकड्यांची भाषा कळते, ही नाही; पण त्या अंधारात मीही कितीदा तरी कुठे बसलोय ते विसरलो.

पेशींना आठवण करून द्यायला बाईंनी काय नाही केलं! पेशी रबरी पडद्यावर वाढवल्या आणि तो पडदा पंपाने फुगवायचा, सोडायचा, फुगवायचा, सोडायचा. पाच वर्षं. त्यावर लिहिलेला शोधनिबंध एका मोठ्या नियतकालिकानं जवळजवळ स्वीकारला होता, आणि बाईंच्या निवृत्तीला सात-आठ महिने उरले होते.

ज्या पेशींवर हे सगळं चाललं त्या नागपूरजवळच्या कुही गावातल्या एका बाईच्या. पिशवीत गाठ झाली म्हणून तिची शस्त्रक्रिया झाली, आणि चांगल्या भागाचा तुकडा तिनं सही करून आम्हाला दिला. सही करताना विचारलं, "माह्या तुकड्याचं काय कराल?" बाई म्हणाल्या, "जगवीन." बरी झाल्यावर ती एकदा नवऱ्यासोबत पाहायला आली. सूक्ष्मदर्शकात डोकावली. एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशी, फरशी बसवावी तशा. बराच वेळ पाहून म्हणाली, "ह्या पिशवीनं मले कधी एका जागी बसू दिलं नाही वं बाई. अन् आता पाहा, कशी गुमान बसली."

पुढच्या वर्षी ती दुसऱ्याच आजारानं गेली. नवरा मात्र येत राहिला. कुहीत त्याची पिठाची चक्की होती. पट्टा, बेअरिंग असं काही घ्यायला नागपूरला आला की आमच्याकडे चक्कर. भुवयांवर पीठ, खांद्यावर पट्ट्याचं भेंडोळं. आम्ही त्याला चक्कीवाले काका म्हणत असू, बाई भाऊ म्हणत. त्या पिठाची बाईंना भयंकर धास्ती. पिठातून बुरशी येते, बुरशी आली की पेशी गेल्या. त्यामुळे काकांना दाराबाहेर उभं करून झटकायचं, हात कोपरापर्यंत धुवायचे, डोक्याला टोपी, अंगात कोट, पायांत कापडी पिशव्या. "नवरदेव करून राहिले मले," ते म्हणायचे. मग स्टुलावर बसून एक डोळा मिटून पाहायचे आणि अगदी हळू म्हणायचे, "कशी आहे वं?" एवढंच. पाच मिनिटं, आणि बसस्टँडकडे.

शोधनिबंधासाठी नियतकालिकानं एक कागद मागितला: पेशी ज्या व्यक्तीच्या म्हणून सांगता, तिच्याच आहेत याचा दाखला. आजकाल सगळेच मागतात. आम्ही पेशींचा आणि जपून ठेवलेल्या मूळ तुकड्याचा नमुना बाहेरच्या तपासणी केंद्राकडे पाठवला. निकाल आला तेव्हा मी आधी वाचला, आणि तिसऱ्या ओळीवर थांबलो. बाटलीतल्या पेशी पुरुषाच्या होत्या.

आमच्याकडे एक जुनी परदेशी जात होती, पेशींच्या पेढीतून तुलनेसाठी मागवलेली. कोण्या पुरुषाच्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी, झपाट्यानं वाढणाऱ्या, आडदांड. निकाल त्यांच्याशी तंतोतंत जुळत होता. म्हणजे कधीतरी त्यांचा एक थेंब कुहीच्या बाईच्या बाटलीत गेला, आणि पाहुण्यानं घर बळकावलं. बाईच्या पेशी काही विसरल्या नव्हत्या. त्या तिथे नव्हत्याच.

थेंब कसा गेला, हे आम्हा दोघांना लगेच कळलं. नियम असा की एका वेळी एकाच जातीच्या पेशींना खाद्य घालायचं, प्रत्येकीची गुलाबी पाण्याची बाटली वेगळी. इतर दिवशी आम्ही तो पाळत होतो. पण रविवारी बाई स्वतः येत आणि सगळ्या बाटल्या टेबलावर ओळीनं मांडून एकाच बाटलीतून, एकाच नळीनं, एका हातानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढत जात. लहानपणी त्यांच्या घरात नऊ भावंडं, त्या सगळ्यांत धाकट्या; पुरुष जेवले की मोठ्या बहिणी, बहिणी जेवल्या की आई आणि त्या, आणि तोवर भांड्यात खरवड. कोणी ताटकळत बसलेलं त्यांना बघवत नसे. पेटीबाहेर पेशी गारठतात, म्हणून सगळ्यांना एकदम. मी एकदा नियमाची आठवण करून दिली होती, तर म्हणाल्या, "तू मोज गा, मी वाढते."

निकालाचा कागद त्यांनी तीनदा वाचला. मग दिवे घालवले नाहीत, डोळे मिटले नाहीत. सरळ संगणकाशी बसून नियतकालिकाला दोन ओळींचं पत्र लिहिलं, निबंध मागे घेतो म्हणून, आणि कारण आहे तसं सांगितलं. संचालकांनी बोलावून सुचवलं की इतकी घाई नको, शब्द थोडे मऊ करता येतील. बाई म्हणाल्या, "सर, बाप्याले बाई कसं म्हणू?"

खरा पेच पुढे होता. काका यायचे होते.

त्या दिवशी त्यांना झटकून, धुऊन, कोट घालून आत आणलं. स्टुलावर बसले. बाईंनी सूक्ष्मदर्शकावर हात ठेवला.

"भाऊ, दाखवत नाही. आधी ऐका. ह्या पेशी ताईच्या नाहीत."

काकांनी टोपी कानांवरून मागे सारली.

"आपल्याकडं दुसऱ्या एकाच्या पेशी होत्या. त्यांचा थेंब ताईच्या बाटलीत पडला. त्या दांडग्या, ताईच्या नाजूक. ताईच्या संपल्या, त्या राहिल्या. चूक माही आहे. माह्याच हातानं झाली."

"दुसऱ्या एकाच्या म्हंजे? बाप्याच्या?"

"हाव."

"म्हंजे मी इतके दिवस कोण्या बाप्याले 'कशी आहे वं' म्हणून राहिलो?"

ते हसले. आधी नुसते ओठ, मग खांदे, मग सगळं अंग हलायला लागलं, आणि बघता बघता ते हसणं राहिलं नाही. बाई त्यांच्यासमोर उभ्या होत्या, हात लांब सोडून, शाळेत उभं केलेल्या मुलीसारख्या.

काकांनी टोपीनंच डोळे पुसले. "बरं झालं तिनं ऐकलं नाही. महिनाभर बोलली नसती माह्याशी." मग विचारलं, "तो जिता आहे का?"

"नाही. कधीचाच गेला."

"त्याले कोणी पाह्यले येते का?"

"त्याचं नावही माहीत नाही आपल्याले."

"मंग दाखवा. एवढा आलो तं पाहून घेतो."

त्यांनी एक डोळा मिटला. खूप वेळ पाहिलं. आणि अदबीनं म्हणाले, "राम राम गा."

मग बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. नायट्रोजनच्या टाकीत एक कुपी होती. कुहीच्या बाईच्या पेशींची, अगदी पहिल्या महिन्यातली. परदेशी पेशी आमच्या इमारतीत आल्या त्याच्याही आधीची. तिच्यात शंकेला जागाच नव्हती. "अशीच ठेवली तं वर्षानुवर्षं राहीन," बाई म्हणाल्या. "काढली तं आठ-पंधरा दिवस जगन. फार वाढणार नाहीत. मंग संपलं, भाऊ. मंग काहीच नाही."

"किती थंड आहे तिथी?"

"बर्फ त्याच्यापुढं गरम."

काका पट्ट्याच्या भेंडोळ्याकडे पाहत होते. "तिले थंडी सोसत नव्हती, बाई. पौषात कानाले बांधून चक्कीपाशी बसे, दगडाची ऊब लागते म्हणून." ते उठले. "काढा."

कुपी हाती घेताना मला आकडाच आठवत होता, ते कबूल करण्यात काही गैर नाही. तेच माझं काम. या पेशी मोजल्या तर पाच वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार होतं. आकडा लहान आला, तर बाटलीतल्या पेशी विसरत नाहीत. फुगलेला आला, तर बाईंचं खरं, आणि तो निबंध नव्यानं उभा करता आला असता, निवृत्तीच्या आत. मी बाईंना म्हटलं, अर्ध्या मोजू, अर्ध्या ठेवू.

"पाह्य किती आहेत त्या."

मी पाहिल्या. गोठून वितळल्यावर जिवंत राहिलेल्या मूठभर. इतक्या थोड्या पेशी वाटल्या तर दोन्हीकडच्या मरतात; त्यांना शेजार लागतो.

"मॅडम, दुसरी कुपी नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे मले."

त्या पेशींना त्यांनी नवी बाटली दिली, पाणी वेगळं, आणि त्या आठवड्यात पेटीत दुसरं काहीही ठेवलं नाही. चौथ्या दिवशी पेशी पसरून एकमेकींना टेकल्या. पुन्हा ती फरशी, छोटीशी, उंबऱ्याएवढी. काका रोज येत होते. चक्कीवर पुतण्याला बसवलं होतं. पहिल्या दिवशी नुसतं पाहून गेले. दुसऱ्या दिवसापासून बोलायला लागले, आणि आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहायचो. काचेतून त्यांची पाठ दिसे, कधी हात हलताना दिसे. पीठ महागल्याचं सांगत असावेत, पुतण्याच्या लग्नाचं. बाई भिंतीला टेकून डोळे मिटत. एकदा स्वतःशीच बोलल्यागत म्हणाल्या, "आठवत असन का गा त्यांना?" ते कळायचा एकच मार्ग होता आणि तो रोज संध्याकाळी थोडा थोडा बंद होत होता.

दुसऱ्या आठवड्यात पेशी मोठाल्या, पसरट झाल्या, मग एकेक करून तळ सोडून गुलाबी पाण्यात तरंगू लागल्या. बाईंनी काकांना ते पाहू दिलं, लपवलं नाही. "सुटून राहिल्या," त्या म्हणाल्या. काका होकारार्थी मान हलवत राहिले.

कोट काढून, टोपी घडी करून त्यांनी माझ्या हातात दिली. दारात चपला घालताना वाकले ते तसेच थांबले.

"बाई, एक विचारतो. तुमचं काम झालं का ह्याच्यातून? तिचं फुकट जायले नको."

मी बाईंकडे पाहिलं. संचालकांसमोर एक शब्द मऊ न करणाऱ्या बाई.

"झालं ना, भाऊ," त्या म्हणाल्या. "सगळं झालं."

"मंग बरं," म्हणत काका जिन्याकडे वळले. आकडे देणाऱ्या यंत्रावरचं कापड कुपी काढल्यापासून कोणी उचललं नव्हतं.